दिवाणी दाव्यात आपलं नाव झाकून ठेवायचं असेल तर

कोर्टातला पुकारा ऐकलाय का कधी? शिपाई दारात येतो अन् नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं एका दमात ओरडतो, आणि व्हरांड्यातली शंभर माणसं मान वळवून बघतात की कोण उठायलंय. त्यात एखादा गावचा असतोच असतो. मी परभणीकडं तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते, बारा-तेरा वर्षं झाली, अन् बायाबापड्या, कधीकधी पुरुषमाणसंही, फी विचारायच्या आधी हेच विचारतात, "मॅडम, माझं नाव कुठं येणार नाही ना?" खरं सांगायचं तर येतंय. काहीच केलं नाही तर येतंयच. पण वेळेवर अर्ज दिला तर बऱ्याच ठिकाणी अडवता येतं, अन् वेळेवर म्हणजे दावा दाखल व्हायच्या आधी, म्हणून हे जरा सविस्तर लिहायलेय.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाका. नाव झाकायचं ते लोकांपासून, पेपरवाल्यांपासून, गूगलपासून. प्रतिवादीपासून नाही. ज्याच्यावर दावा लावला त्याला कळायलाच पाहिजे की कोणी लावला, नाहीतर तो कैफियत काय देणार अन् उलटतपासणी कोणाची घेणार. एक मावशी आल्या होत्या, म्हणे भाच्यावर दावा टाका पण त्याला माझं नाव कळू देऊ नका. असं होत नाही मावशी, म्हटलं, तुम्ही चहा घ्या.

आता कायदा. आपली दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या आदेश ७ नियम १ मध्येच लिहिलंय की दाव्यात वादीचं नाव, वर्णन अन् राहण्याचं ठिकाण पाहिजे. कलम १५३ ब म्हणतं की कोर्टाची जागा उघडी, मावतील तितके लोक येऊन बसू शकतात. पण त्याच कलमात खाली परंतुक आहे, न्यायाधीशांना वाटलं तर कुठल्याही टप्प्यावर ते सगळ्यांना किंवा एखाद्या ठरावीक माणसाला बाहेर जा म्हणू शकतात. म्हणजे उघडं कोर्ट हा नियम, अन् दार लावायची कडी आतून साहेबांच्या हातात.

ही कडी किती जुनी आहे ते बघायचं तर मिरजकर प्रकरण. मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा एक दिवाणी दावा चालू होता, त्यात एका साक्षीदारानं तक्रार केली की माझी आधीची साक्ष पेपरात छापून आली अन् माझ्या धंद्याचं नुकसान झालं. न्यायमूर्तींनी तोंडी सांगितलं, आता याची साक्ष छापू नका. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले, १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं की सुनावणी उघड्यावर व्हावी हे खरं, पण न्यायासाठी गरज पडली तर कोर्टाला असं थांबवायचा अंगभूत अधिकार आहे. आता २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर तर खाजगीपणा हा मूलभूत हक्कच झालाय. अर्जात हे दोन्ही निकाल टाकले की निदान साहेब अर्ज बाजूला सारत नाहीत, वाचतात.

काही दाव्यांत तुम्हाला फार भांडावंच लागत नाही, कायद्यानंच सोय केलीय. नवरा-बायकोचं प्रकरण असेल तर हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम २२, सुनावणी बंद दाराआड अन् छापायला बंदी, छापलं तर हजार रुपयांपर्यंत दंड (हजार रुपयात आज काय येतंय, पण बंदी ती बंदी). कौटुंबिक न्यायालय असेल तर १९८४ च्या कायद्याचं कलम ११, तिथं दोघांपैकी एकानं जरी मागितलं तरी दार लावावंच लागतं. अन् जिथं कौटुंबिक न्यायालय नाही तिथं दिवाणी संहितेचा आदेश ३२ अ आहे, कौटुंबिक दाव्यांसाठी तीच गोष्ट. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातही कलम १६ आहे, फक्त ते काम दिवाणी न्यायाधीशाकडं नाही, मॅजिस्ट्रेटकडं चालतं.

बंद दाराआडच्या सुनावणीला कोर्टात म्हणतात त्या "इन कॅमेरा" शब्दाचं मात्र काहीतरी करायला पाहिजे कोणीतरी. माझी एक पक्षकार, अंगणवाडीत काम करणारी, इन कॅमेरा सुनावणीचा अर्ज दिलाय म्हटल्यावर ढसाढसा रडायला लागली. मला कळंना कामून रडायलीय. तिला वाटलं सगळं शूटिंग होणार. तेव्हापासून मी बंद दाराआड असंच म्हणते, अन् अर्जातही तसंच लिहिते.

सगळ्यात पक्की सोय एचआयव्हीच्या कायद्यात आहे, २०१७ चा. कलम ३४ मध्ये सरळ लिहिलंय की अशा व्यक्तीच्या खऱ्या नावाच्या जागी टोपणनाव टाकून प्रकरण चालवता येईल, सुनावणी बंद दाराआड घेता येईल, अन् ओळख उघड होईल असं काही छापायला मनाई करता येईल. याच्या वीस वर्षं आधी, १९९७ मध्येच, मुंबई उच्च न्यायालयानं एका एचआयव्हीबाधित कामगाराला नोकरीच्या प्रकरणात नाव झाकून लढू दिलं होतं, निकालाचं नावच 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' असं आहे. म्हणजे कायदा व्हायच्या आधी कोर्टानं वाट पाडलेली. दुसरं म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा, कलम १६ नुसार तक्रारदाराचं नाव-पत्ता बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्याच विषयातल्या एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये पद्धत घालून दिली, की शीर्षकात नावाऐवजी अक्षरं, आदेशात ईमेल, मोबाइल, पत्ता नको, साक्षीदारांची नावं पण नकोत. तो आदेश खास त्या प्रकारच्या कामांसाठी होता हे खरं, पण नमुना म्हणून कुठल्याही अर्जाला जोडायला बेस्ट. आपली अपिलं शेवटी औरंगाबाद खंडपीठातच जातात अन् ते त्याच उच्च न्यायालयाचं अंग, त्यामुळं खालचं कोर्ट याची दखल घेतं.

लेकरू वादी असेल, म्हणजे पालकामार्फत दावा असेल अन् ते अत्याचारात बळी पडलेलं किंवा साक्षीदार असेल, तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ बघा, ओळख छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बलात्काराच्या प्रकरणातली पीडिता नंतर नुकसानभरपाईसाठी दिवाणीत आली तर तिथं भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आठवण करून द्यायचं.

बाकी दावे, म्हणजे कोणी खाजगी फोटो पसरवलेत अन् मनाई हुकूम पाहिजे, दवाखान्यानं आजाराची माहिती बाहेर सांगितली, कोणी मागं लागून त्रास द्यायलंय, यांच्यासाठी वेगळं कलम नाही. तिथं दिवाणी संहितेच्या कलम १५१ खाली अर्ज, कोर्टाचे अंगभूत अधिकार. फोटोच्या बाबतीत दाव्याची वाट बघू नका, आयटी नियम २०२१ नुसार त्या कंपनीकडं स्वतः तक्रार केली की दोन तासांत काढायला पाहिजे असा नियम आहे (२०२६ च्या दुरुस्तीआधी चोवीस तास होते), ते आधी करा अन् स्क्रीनशॉट जपून ठेवा.

अन् जमिनीचा दावा? तिथं सोडून द्या. वाटणीच्या दाव्यात बहिणी येतात माझ्याकडं, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं लेकींना मुलाइतकाच हक्क मिळाला, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच दुरुस्ती होती, २०२० च्या विनीता शर्मा निकालानं उरलीसुरली शंकापण गेली. पण भावावर दावा टाकला हे माहेरच्या गावात कळू नये म्हणतात, अन् ते काही केल्या होत नाही. सातबाऱ्यावर नाव, फेरफारात नाव, तलाठ्याला माहीत, कोतवालाला माहीत. तिथं नाव झाकायचा अर्ज दिला तर साहेब हसतील, अन् पुढच्या खऱ्या अर्जाच्या वेळी तुमच्या वकिलाचं वजन कमी होईल. "बदनामी होईल", "लग्न जमणार नाही", "धंद्यावर परिणाम होईल" एवढंच कारण असेल तर माझं मत असं की अर्ज देऊच नका. जिवाला धोका, आजार, लैंगिक गोष्ट, लेकरू, असलं काहीतरी ठोस पाहिजे, अन् ते कागदानं दाखवता आलं पाहिजे, पोलीस ठाण्यातली तक्रार, डॉक्टरचा कागद, धमकीचे मेसेज.

आता अर्ज कसा द्यायचा, खरं काम इथंच आहे. लोक काय करतात, दावा पूर्ण नावानिशी दाखल करतात अन् पहिल्या तारखेला वकील उठून म्हणतो साहेब नाव झाकायचंय. तोवर फायलिंग काउंटरवर तुमचं नाव कॉम्प्युटरात गेलेलं असतं. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर अन् त्याच्या मोबाइल अ‍ॅपवर नाव टाकून केस शोधता येते, नावातली तीन अक्षरं अन् वर्ष टाकलं की यादी येते, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) लागतच नाही. आमच्याकडं पारावर बसलेलं पोरगंही तंबाखू मळता मळता गावातल्या सगळ्या केसा बघतंय. म्हणून क्रम असा, दावा टोपणनावानं तयार करायचा, त्याच्यासोबतच परवानगीचा अर्ज अन् शपथपत्र, अन् खरं नाव, वय, पत्ता, ओळखपत्राची प्रत एका सीलबंद पाकिटात. पाकिटावर फक्त "वादीचा तपशील, मे. कोर्टाच्या अवलोकनार्थ" एवढंच. अन् फायलिंगला कागद देण्याआधी वकिलानं अधीक्षकांना भेटून सांगायचं की अर्जावर आदेश होईपर्यंत खरं नाव नोंदवू नका. ते कधी ऐकतात, कधी म्हणतात आमच्या सिस्टिममध्ये बसत नाही. नाही ऐकलं तर त्याच दिवशी साहेबांपुढं तातडीचा उल्लेख करायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

विनंतीचा मजकूर मी साधारण असा लिहिते, घ्या हवा तर: "मे. कोर्टास विनंती की, वादीस प्रस्तुत दावा 'अ' या संबोधनाने चालविण्याची परवानगी व्हावी. वादीचा खरा तपशील सीलबंद पाकिटात स्वीकारून तो मे. कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडू नये. बोर्ड, रोजनामा, आदेश व संगणकीय नोंदी यांत वादीचे नाव, गाव, नोकरीचे ठिकाण व नातेवाइकांची नावे येऊ नयेत. त्रयस्थ व्यक्तीस कागदपत्रांची पाहणी अथवा नक्कल देऊ नये. सुनावणी बंद दाराआड व्हावी. प्रस्तुत प्रकरणाचा वृत्तान्त वादीची ओळख उघड होईल अशा रीतीने प्रसिद्ध करण्यास मनाई व्हावी. प्रतिवादीस वादीची ओळख अन्य कोणास न सांगण्याचा आदेश व्हावा."

यातली शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात अन् तिथंच फसतात. बंद दाराआड सुनावणी मिळाली म्हणजे छापायला बंदी आपोआप मिळाली असं नसतंय. न्यायालय अवमान कायदा १९७१ चं कलम ७ वाचा, बंद खोलीतल्या सुनावणीची खरी अन् नेमकी बातमी देणं हा एरवी अवमान होत नाही, कुठल्या कायद्यानं मनाई असेल किंवा कोर्टानं स्पष्ट शब्दांत मनाई केली असेल तरच (देशाची सुरक्षा, गुपित शोध असले एक-दोन अपवाद सोडले तर) पकडता येतं. कायद्याची मनाई नसेल तर आदेशात मनाईचा शब्द पाहिजे. आदेश झाला की तिथंच वाचून घ्या, हा मुद्दा राहिला असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा.

अन् गाव, नोकरी कामून काढायची ते सांगते. नावाच्या जागी 'अ' लिहिलं अन् खाली लिहिलं "वय ३४, मौजे अमुक, ता. माजलगाव, अंगणवाडी सेविका, नवरा एसटीत कंडक्टर". झालं की मग! गावात अंगणवाड्या दोन, एक सेविका पन्नाशीची. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात हेच सांगितलंय, गुन्ह्यातल्या पीडितेबद्दल, की नाव नसलं तरी दुरूनही ओळख पटेल असं काही द्यायचं नाही. दावा टाइप झाला की तो आपल्या गावातल्या माणसाच्या नजरेनं एकदा वाचून बघा, कोणाचं आहे हे ओळखू येतंय का. येत असेल तर 'मराठवाड्यातील एका तालुक्यात राहणारी नोकरदार महिला' इथपर्यंत पातळ करा.

पत्त्याचं वेगळंच. नवऱ्यापासून किंवा मागं लागलेल्या माणसापासून लपून राहायलात तर नाव त्याला माहीतच आहे, पत्ता कळता कामा नये. समन्स-नोटिशीसाठी नोंदणीकृत पत्ता द्यायचा नियम आदेश ६ नियम १४ अ मध्ये आहे, तिथं वकिलाच्या ऑफिसचा पत्ता द्यायची परवानगी मागा अन् राहायचा पत्ता पाकिटात. मग बाकीचे कागद तपासा, कारण दाव्यात पत्ता झाकतात अन् जोडलेल्या लाइट बिलावर, लेकराच्या शाळेच्या बोनाफाइडवर, बँक पासबुकवर तोच पत्ता छापलेला असतो. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. अमेरिकेत तर फेडरल कोर्टाच्या नियमातच ठरलंय की दाखल कागदात सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार अंकच ठेवायचे, जन्मतारखेचं फक्त वर्ष, लेकराच्या नावाची फक्त आद्याक्षरं. तिथं 'जेन डो' म्हणून दावा लावायची चाल जुनी, गर्भपाताच्या हक्काच्या १९७३ च्या त्या गाजलेल्या खटल्यातली 'जेन रो' ही पण टोपणनावाचीच वादी होती. आपल्याकडं गंमत उलटी, टोपणनाव जास्त करून प्रतिवादीला मिळतं, पायरसीच्या दाव्यात माहीत नसलेल्या चोरावर जो हुकूम काढतात त्याला वकील लोक 'अशोक कुमार आदेश' म्हणतात. राज्यातले खरे अशोक कुमार काय म्हणत असतील कोणास ठाऊक.

आता जिथून खरंच गळतं ते सांगते. कोर्टासमोरचं टायपिंग सेंटर. वकील बोलायला बंद आहे, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ त्याला अन् त्याच्या कारकुनाला बांधतं. टायपिंगवाल्याला कोण बांधणार? माझ्याच एका कामात असं झालं, अर्ज नीट, पाकीट सीलबंद, अन् मसुदा मात्र एका सेंटरच्या कॉम्प्युटरवर तसाच राहिला, फाइलचं नावच बाईचं पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी तिथं झेरॉक्सला आलेल्या तिच्या दिरानं स्क्रीनवर वाचलं. चूक माझीच, पेनड्राइव्ह ज्युनिअरच्या हाती देऊन मी दुसऱ्या तारखेला गेले होते. तेव्हापासून असली कामं माझ्या लॅपटॉपवर मीच टाइप करते अन् प्रिंटपण घरी, मराठी टायपिंग हळू आहे माझं, लई वेळ जातो, पण जाऊ द्या. तुम्ही तुमच्या वकिलाला स्पष्ट विचारा, टाइप कुठं करणार, अन् व्हॉट्सअ‍ॅपवर दाव्याची पीडीएफ पाठवू नका म्हणून सांगा. घरातला फोन एकाचा नसतो आपल्याकडं.

दुसरी जागा बेलिफ. समन्स घेऊन गावात आला की पहिल्यांदा पारावर विचारतो अमक्याचं घर कुठं, अन् प्रतिवादी सापडला नाही तर दारावर चिकटवतो. तरी सापडला नाही तर आदेश ५ नियम २० खाली पेपरात जाहीर नोटीस, तीपण दोघांच्या नावासकट. तुमचा वकील जाहीर नोटिशीचा अर्ज देईल तेव्हा त्या मसुद्यात 'अ' च आहे का ते स्वतः बघा, कारण हा मसुदा कारकून जुन्या नमुन्यावरून करतो अन् हात सवयीनं पूर्ण नाव लिहून जातो. पुकाऱ्याचं सोपं आहे, शिपायाला आदेशाची प्रत दाखवून सांगायचं की नंबरावर पुकारा, नावानं नको. ऐकतात बिचारे, त्यांनापण तेवढंच ओरडणं कमी.

प्रकरण तोडजोडीसारखं असेल तर मध्यस्थीचा विचार करा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोतीराम प्रकरणात सांगितलंय की मध्यस्थीत काय बोलणं झालं ते गुप्त, मध्यस्थानं कोर्टाला एक तर सह्यांचा करार पाठवायचा नाहीतर जमलं नाही एवढंच कळवायचं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बायांना अन् अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, फोन नंबर १५१००.

नाव आधीच गेलेलं असेल, म्हणजे जुना निकाल गूगलवर दिसायलाय, तर रस्ता अवघड आहे. ज्या कोर्टानं निकाल दिला तिथंच नाव झाकायचा अर्ज द्यायचा, तसा आदेश मिळाला की मग वेबसाइटला कळवायचं. थेट वेबसाइटवर धावून जाण्यात फार अर्थ नाही, २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं इंडियन कानून या निकाल टाकणाऱ्या वेबसाइटला एक निकाल काढायला सांगितला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयानं जुलैमध्ये स्थगिती दिली.

अन् आदेश मिळाल्यावर निवांत बसू नका. दर तारखेनंतर स्वतःच्या मोबाइलवर ई-कोर्ट्स उघडून आपलं नाव टाकून बघायचं, स्पेलिंग बदलून, कारण काउंटरवरचा माणूस शिंदे कधी एकट्या आयनं लिहितो तर कधी डबल ईनं. ती अंगणवाडीवाली ताई आता हे माझ्यापेक्षा बारकाईनं करते. परवा तारखेहून जाताना एसटीतून फोन केला, मागं कंडक्टरची घंटा वाजायलेली, म्हणाली, "मॅडम, चार प्रकारे टाकून बघितलं, काहीच निघालं नाही." मग जरा थांबून, "सासरचं आडनाव टाकून बघायचं राहिलं, ते बघते अन् परत फोन करते."